रखवालदाराचे पान

एका वासराच्या आतड्यात दोन जिवाणू राहत असत. एकाच जिवाणूचे दोन झालेले, म्हणून ते भाऊ. वास्तविक दोघे एकाच क्षणी जन्मले होते. पण एकजण दुसऱ्याला दादा म्हणे आणि दुसऱ्याला ते आवडे. मुलांनो, प्रत्येक जिवाणूच्या पोटात एक पोथी असते. काय कसे बनवायचे, ते सारे तिच्यात लिहिलेले असते. दुधातली साखर खायची तर आधी ती कापावी लागते, आणि त्यासाठी लागणाऱ्या कात्रीची कृतीही त्या पोथीत असते. कृतीच्या पानावर एक रखवालदार बसून राही. दुधाची साखर येऊन त्याला बिलगली, की तो उठे आणि पान उघडे होई. हा रखवालदार कसा घडवायचा, तेही पोथीतच दुसऱ्या एका पानावर होते. पण धाकट्याची पोथी उतरवून घेताना नेमके त्या पानावरचे एक अक्षर चुकले. त्यामुळे त्याच्याकडे रखवालदार कधी घडलाच नाही, आणि कात्र्या रात्रंदिवस बनत राहिल्या.

एके सकाळी वासरू गाईला लुचले आणि दूध आले. धाकटा लगेच साखर कापून खाऊ लागला. "दादा, तुझा म्हातारा अजून डुलक्याच घेतोय वाटतं!" तो हसून म्हणाला. थोरल्याला भूक लागली होती. तो रखवालदारावर ओरडला, "अरे ऊठ ना!" रखवालदार शांतपणे म्हणाला, "मला हुकूम कळत नाही, मालक. साखर कळते." एका बारीक फटीतून साखरेचे दोन-चार कण आत आले, तेव्हा कुठे तो उठला. माणसांच्या हिशेबाने पाव तासच गेला असेल, पण जिवाणूच्या आयुष्यात तेवढ्यात अर्धी पिढी सरते.

पुढे गाय लांबच्या कुरणात गेली. दोन दिवस दुधाचा थेंब आला नाही. थोरल्याचा रखवालदार पुन्हा पानावर जाऊन बसला, कात्र्या बनणे थांबले, आणि उरलेल्या शिदोरीवर थोरला निवांत पडून राहिला. धाकट्याकडे मात्र कात्र्यांचा ढीग वाढत होता. एकेक कात्री त्याच्या अंगातली ताकद ओढून घेत होती. तो आकसला, त्याचा आवाज खोल गेला.

"बंद कर की रे!" थोरला म्हणाला.

"कसं करू, दादा? आपोआप चाललंय सगळं. मला वाटायचं, आपण सदा तयार आहोत. आता कापायला काहीच नाही आणि कात्र्या थांबत नाहीत."

थोरल्याला त्याचे पूर्वीचे हसणे आठवले नाही. त्याला फक्त एवढेच कळले, की धाकट्याकडे रखवालदारच नाही आणि तो आता फार वेळ टिकणार नाही. स्वतःच्या तुटपुंज्या शिदोरीतून त्याने एक बारीक नळी विणली आणि ती धाकट्याला जोडली. मग रखवालदाराच्या पानाची नक्कल काढून, अक्षर अन् अक्षर तपासून, ती त्या नळीतून पलीकडे पाठवली. एवढ्याने तोही थकून गेला.

धाकट्याच्या पोटात एक नवा, बुटका रखवालदार घडला. त्याने आजूबाजूला पाहिले, साखर कुठेच नाही अशी खात्री केली आणि कात्रीच्या पानावर मांडी ठोकली. शेवटची कात्री अर्धवटच राहिली.

"दादा," अंग सैल सोडत धाकटा म्हणाला, "इतकं शांत असतं होय रे तुझ्याकडे?"

"असतं."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुझ्याकडे नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होतं!"

तात्पर्य : काम वेळेवर सुरू करण्याइतकेच ते वेळेवर थांबवता येणेही मोलाचे आहे, आणि ज्याला ते थांबवणे जन्मतः मिळालेच नाही, त्याला दोष न देता आपल्याकडचे द्यावे.