एकादशीची भाकरी

एकदा एका नदीकाठच्या आश्रमात त्र्यंबक नावाचा साधक 'बाबा' म्हणवल्या जाणाऱ्या वृद्ध योग्याच्या पायाशी राहायला आला. आईबापांशी भांडून, ठरलेलं लग्न मोडून आला होता बिचारा. गुरूच खोटा निघाला तर तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं, अशी धाकधूक त्याला सदैव असे. आणि संशय म्हणजे भटाला दिलेली ओसरी. हातपाय पसरायला त्याला वेळ लागत नाही.

एकादशीला सारा आश्रम उपाशी असताना बाबा माध्यान्ही गोठ्यामागे जात. परतताना मिशीवरून हात फिरवत. झालं! बाबा मौनात बसले की त्र्यंबकाला वाटे, तोंडाला वास येत असणार. हसले की वाटे, पोट भरलंय! ध्यानाला डोळे मिटावेत, तर समोर बाबांची मिशी.

अखेर एका एकादशीला त्याने त्यांना गोठ्यामागे गाठलंच. ज्वारीची भाकरी, आणि वर कांदा!

"ढोंगी आहात तुम्ही! स्वतःच्या डोळ्यांनी पाहतोय मी. खोटं आहे का हे?"

"खरंच आहे," घास चावत बाबा म्हणाले. "वैद्यबुवांचं औषध उपाशीपोटी चालत नाही."

त्र्यंबकाच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने लोटांगण घातलं. "चुकलो, बाबा! आमचा उपास डळमळू नये म्हणून आडोशाला बसता. केवढे महात्मा आहात!"

बाबांनी पाय मागे घेतले. "अरे, मघाशी ढोंगी, आता महात्मा. मी तोच, भाकरीही तीच. आणि औषधाची पुडी कुठे पाहिलीस तू?"

त्र्यंबक चपापला. संशयाने पुन्हा डोकं वर काढलं.

"चित्ताच्या पाच वृत्ती पाठ केल्यास ना? शांत करायच्या त्या वृत्तींत पहिली कोणती?"

"प्रमाण. म्हणजे... खरं ज्ञान." त्याची जीभ अडखळली.

"बघ! भ्रमाचा नंबर दुसरा. चुकीची आहे असं कळलेली समजूत कुणीही टाकतो रे; खरी वाटणारीच सुटत नाही. माझ्यावरचा विश्वास काय, संशय काय, दोन्हींना तू जिवाच्या आकांताने लोंबकळलास. घर सोडल्याचं सगळं ओझं त्यांच्यावरच टाकलंस. समजुती येतील, जातील. येऊ दे, जाऊ दे."

"मग मी राहू की जाऊ?"

"ते माझ्या भाकरीवर ठरवणार आहेस?"

त्र्यंबकाच्या मनात शंका आली, गेली. भक्ती दाटली, ओसरली. त्याने दोघींपैकी कुणालाच धरून ठेवलं नाही. मग उठून पाण्याचा तांब्या आणला, बाबांजवळ ठेवला आणि वर पाहिलं.

समोर एक म्हातारा माणूस भाकरी खात होता. आश्रमात आल्यापासून त्र्यंबकाने त्याला प्रथमच पाहिलं.