कोरड्या बुडाचं घंगाळ

एकदा नदीकाठच्या एका आश्रमातला शिष्य आपलं गाठोडं बांधून गुरुजींपुढे उभा राहिला. "मी निघतो," एवढंच म्हणाला.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्यापूर्वी त्याची आई गेली होती. निरोप मिळताच तो धावत गावी गेला, पण पोचला तेव्हा चिता विझली होती. परतल्यापासून त्याचं कशात मन लागेना. सोबती विचारपूस करायला आले की हा म्हणे, "मला काय धाड भरलीय?" त्र्यंबक नावाचा त्याचा सहाध्यायी रोज त्याच्यासाठी ताट वाढून ठेवी आणि हा गृहस्थ रोज "भूक नाही" म्हणून पाठ फिरवी. सांत्वनाचा एक शब्द कानी पडला तर आपण कोसळू, अशी त्याला धास्ती होती. खरं सांगायचं तर आतून तो केव्हाच कोसळला होता.

गुरुजींनी त्याला थांब म्हटलं नाही. "जाण्याआधी माझं एक काम कर," ते म्हणाले आणि न्हाणीतलं तांब्याचं मोठं घंगाळ त्याच्या हाती देऊन त्याला नदीवर घेऊन गेले. तिथे त्यांनी घंगाळात चांगले जड गोटे रचले. "दोन्ही कड्या धर आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहा. मात्र घंगाळाचं बूड ओलं होता कामा नये."

म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असं शिष्याला वाटलं. पण आज्ञा ती आज्ञा. थोड्याच वेळात त्याचे दंड थरथरू लागले, मान आखडली. गुरुजी काठावर बसून खुशाल पंचा पिळत होते.

"गुरुजी, आता नाही होत!"

"मग टेकव की पाण्यावर."

त्याने हात खाली घेतले. घंगाळ वीतभर पाण्यात उतरलं आणि तिथेच थांबलं. गोटे तेवढेच होते, पण हातांना भार उरला नव्हता. एका बोटाने ढकललं तरी ते सरकत होतं.

गुरुजी म्हणाले, "बाळा, पाणी मघापासून इथेच होतं. पण तू बूड कोरडं ठेवलंस, तर त्याने उचलावं तरी काय? घंगाळ जेवढं पाण्यात उतरतं, तेवढ्याच मापाने पाणी त्याला वर धरतं. गोटे मी कमी केलेले नाहीत. तुझं दुःखही मला कमी करता येणार नाही."

"पण फार उतरलं तर बुडेल ना?"

"काठावरून पाणी आत शिरलं तर बुडेल. पण बघ, काठ अजून केवढा वर आहे. आणि तू तर बूडसुद्धा ओलं होऊ देत नाहीस."

शिष्याने कड्यांवरचे हात काढले. ओंजळीने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं. गुरुजींनी तेवढा वेळ पलीकडच्या तीराकडे पाहिलं.

संध्याकाळी पंगतीत त्र्यंबकाने नेहमीसारखं ताट वाढून ठेवलं होतं. शिष्य येऊन पाटावर बसला. पहिला घास हातात तसाच धरून म्हणाला, "मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं रे. आईचं तोंडही दिसलं नाही मला."

त्र्यंबकाने आपला पाट जवळ सरकवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. शिष्याने तो हात तिथेच राहू दिला.