न उघडलेला प्लगइन

“...पण सर, जुना प्लगइन नव्या सॉफ्टवेअरवर उघडायचा तरी कसा?”

तन्मय केळुसकरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कालच त्याने स्टुडिओतलं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर अपडेट केलं होतं. सगळं सुरळीत चाललेलं, कुणी सांगितलंही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आणि आज इंदुमतीमाई यायच्या होत्या.

माईंनी इथेच गाऊन रेकॉर्ड केलेला तो शेवटचा दरबारी राग. मागच्या खेपेला त्यांनी तो ऐकला, मध्येच उठल्या, ‘विचार करते’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांच्या होकाराशिवाय तो लोकांपुढे जाणार नव्हता. आज नाही म्हणाल्या तर संपलंच. पुन्हा गाण्याइतका दम आता त्यांच्यात उरला नव्हता.

पळसुले सर खुर्चीत टेकले. माईक कसा लावावा हे तन्मय त्यांच्याकडेच शिकला. हल्ली सर जुने झाले असं त्याला वाटायचं. अडला हरी, म्हणून आज आठवले.

“आधी आवाज कुठाय?” सर म्हणाले.

“मोठ्या स्पीकरमधून येतच नाही. ऑडिओ इंटरफेस दिसत नाहीये.”

“सेटिंग बघितलंस?”

अपडेट होताना सॉफ्टवेअरने आपल्या मनाने कॉम्प्युटरचाच चिमुकला स्पीकर निवडला होता. तन्मयने मोठ्या स्पीकरला जोडलेला इंटरफेस पुन्हा निवडला. आवाज आला. त्याला ओशाळल्यासारखं झालं.

“पण सूर सरळ करणारा प्लगइन बंदच आहे, सर. त्याच्याशिवाय कसं ऐकवू?”

“लाव.”

माईंचा आवाज खोलीत उतरला. थकलेला, उघडा. तन्मयने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

“बघा ना सर! स्क्रीनवर रेघ कशी हेलकावतेय. गंधाराचा सूर जागेच्या खालीच राहतोय. मागच्या खेपेला प्लगइनने हे सगळं ताठ केलं होतं.”

“राग कुठला?”

“दरबारी.”

“दरबारीचा गंधार... ताठ?”

“झुलतो, सर. ठाऊक आहे. पण लोक बेसूर म्हणतील! रेकॉर्डिंगला नाव माझं लागणार आहे.”

सर उठले. खांद्यावरचा पंचा काढला आणि स्क्रीनवर टाकला.

तन्मयला काही दिसेना. आता नुसतं ऐकायचं. गंधार आला, खाली रेंगाळला, हलला... आणि तन्मय माउस धरायचा विसरला.

तेवढ्यात दार लोटलं गेलं. माई. किती वेळ दाराआड उभ्या होत्या कोण जाणे.

तन्मय धडपडत उठला. “माई, एक प्लगइन चालत नाहीये. दोन दिवस द्या, मी नीट करतो...”

माईंनी त्याला हातानेच गप्प केलं. भिंतीला टेकून त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. डोळे पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही.

“हे माझं आहे,” त्या म्हणाल्या. “हे जाऊ दे लोकांत.”

तन्मयच्या छातीवरचा धोंडा उतरला.

“पण मला एक सांग बाळ, मागच्या वेळी ऐकवलंस, त्यात कोण बाई गात होती?”

 तन्मयने सरांकडे पाहिलं.

सर स्क्रीनवरचा पंचा काढून त्याची घडी घालत होते.

“ती आता यायची नाही, माई,” तन्मय म्हणाला.