तुडतुड्याचा डेक आणि बाळाचं बारसं

एक होता तुडतुडा.
मोहरीएवढा. हिरवागार.
तो चालायचा नाही. उड्याच मारायचा. तुडुक तुडुक!

तुडतुड्याला छोटी बहीण झाली. आज तिचं बारसं.
झोळी टांगली. शेजारी जमले. घुगऱ्या शिजल्या. रटरट रटरट!
आत्या पाळणा म्हणायला उभी राहिली.
तोंड उघडलं, तर काय?
"खर्रऽ! खर्रऽ!"
आत्याचा आवाज गेला!

आत्या हळूच म्हणाली, "पाळण्याशिवाय बारसं? छे! मी नाव नाही ठेवणार."
बाळ रडायला लागलं. "टँ टँ! टँ टँ!"

तुडतुड्याच्या घरात एक कॅसेट होती. तिच्यात आत्याचा पाळणा होता. तुडतुड्याच्या बारशाला म्हटलेला!
पण कॅसेट वाजवायची कशात?
तुडतुडा गेला भंगारवाल्या गुलाबकाकांकडे. तुडुक तुडुक!
"काका, काका, तो जुना डेक द्या ना!"
"घेऊन जा रे बाबा. पडूनच आहे. पण कुठलं बटण कशाचं, ते सांगणारा कागद काही नाही हं!"
काकांनी डेक तुडतुड्याच्या अंगणात आणून ठेवला. धप्प!

कॅसेट गेली आत. तुडतुडा चढला बटणावर.
खट्! काही नाही.
दुसऱ्या बटणावर उडी. खट्! काही नाही.
"डेका, डेका, वाज ना!"
डेक म्हणाला, "वाजेन की! पण माझा रबरी पट्टा तुटला. पट्टा नाही तर चाक फिरेल कसं? पट्टा आण. मग वाजेन."

तुडुक तुडुक! तुडतुडा गेला रेडिओवाल्या शमसूचाचांकडे.
"चाचा, चाचा, पट्टा द्या ना!
डेक काही वाजेना,
आत्या नाव ठेवीना,
बाळ रडायचं थांबेना!"
चाचा म्हणाले, "देईन की, बेटा! पण माझा चष्मा माकडाने नेला. डब्यात पट्टे शंभर. तुझा कुठला, दिसेल कसा? चष्मा आण. मग देईन."

तुडुक तुडुक! तुडतुडा गेला माकडाकडे.
माकड चष्मा लावून बसलं होतं. उलटा!
"माकडा, माकडा, चष्मा दे ना!
चाचा पट्टा देईनात,
डेक काही वाजेना,
आत्या नाव ठेवीना,
बाळ रडायचं थांबेना!"
माकड म्हणालं, "हूप! देईन की! पण मला पेरू हवा. पिकलेला. गोड गोड. पेरू आण. मग देईन."

तुडुक तुडुक! तुडतुडा गेला पेरूवाल्या सगुणाबाईंकडे.
"सगुणाबाई, सगुणाबाई, पेरू द्या ना!
माकड चष्मा देईना,
चाचा पट्टा देईनात,
डेक काही वाजेना,
आत्या नाव ठेवीना,
बाळ रडायचं थांबेना!"
सगुणाबाई म्हणाल्या, "अगं बाई! देईन की! पण पेरू आहेत मळ्यात. आणि मळ्याच्या दारात शेळी बसलीय फतकल मारून. आत जाऊ कशी? तिला उठव. मग देईन."

तुडुक तुडुक! तुडतुडा गेला शेळीकडे.
"शेळी, शेळी, वाट सोड ना!
सगुणाबाई पेरू देईनात,
माकड चष्मा देईना,
चाचा पट्टा देईनात,
डेक काही वाजेना,
आत्या नाव ठेवीना,
बाळ रडायचं थांबेना!"
शेळी म्हणाली, "बेंऽऽ! सोडेन की! पण भूक लागलीय. शेवग्याचा पाला आण. मग उठेन."

तुडुक तुडुक! तुडतुडा गेला शेवग्याकडे.
"शेवग्या, शेवग्या, पाला दे ना!
शेळी वाट सोडीना,
सगुणाबाई पेरू देईनात,
माकड चष्मा देईना,
चाचा पट्टा देईनात,
डेक काही वाजेना,
आत्या नाव ठेवीना,
बाळ रडायचं थांबेना!"
शेवगा म्हणाला, "देईन की! पण फांदी हलली तर पाला पडेल ना! वाऱ्याला आण. मग देईन."

तुडुक... तुडुक...
तुडतुड्याचे पाय दुखले. तरी तो गेला.
वारा उसाच्या फडात झोपला होता. घुर्रऽ! घुर्रऽ!
"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना!
शेवगा पाला देईना,
शेळी वाट सोडीना,
सगुणाबाई पेरू देईनात,
माकड चष्मा देईना,
चाचा पट्टा देईनात,
डेक काही वाजेना,
आत्या नाव ठेवीना,
बाळ रडायचं थांबेना!"
वारा काही उठेना.
घुर्रऽ! घुर्रऽ!

तुडतुड्याला रडू आलं. मग राग आला. मग त्याने एक उडी मारली.
तुडुक! थेट वाऱ्याच्या नाकात!
आत गेला आणि नाचला. तुडुक तुडुक तुडुक!
वाऱ्याच्या नाकात गुदगुल्या!
"आ... आ... आऽऽक् छी!"

वारा शिंकला, शेवगा हलला.
शेवगा हलला, पाला पडला. सळसळ सळसळ!
पाला पडला, शेळीने खाल्ला. कचर कचर!
शेळी उठली, वाट सुटली.
सगुणाबाईंनी पेरू तोडला.
माकडाने पेरू खाल्ला, चष्मा दिला.
चाचांनी चष्मा लावला, पट्टा शोधला.
"मिळाला! हाच तो!"

आणि तुडतुडा? तो शिंकेबरोबर उडत उडत आला, भिर्रर्र! आणि पडला चाचांच्या टोपीवर. टुप्प!

सगळे निघाले बारशाला. वारासुद्धा!
चाचांनी पट्टा बसवला. कापसाने धूळ पुसली.
"आता बटण दाबू. पण कुठलं?"
कागद तर नव्हताच!
तुडतुडा म्हणाला, "एकेक दाबून बघू या!"

पहिलं बटण. खट्!
"चिर्रर्रर्रर्र!" चाकं फिरली गरगर गरगर. सगळे हसले.
दुसरं बटण. खट्!
फटाक! दार उघडलं. कॅसेट उडाली. शेळीच्या शिंगात अडकली! सगळे आणखी हसले.
कॅसेट पुन्हा आत गेली.

माकड म्हणालं, "मी! मी! मी दाबतो लाल!"
चाचा ओरडले, "अरे, लाल नको! लाल दाबलं तर नवं भरेल, पाळणा पुसून जाईल!"
पण माकडाचं बोट निघालं. लालकडे... लालकडे...
तुडुक! तुडतुडा बसला माकडाच्या नाकावर!
"हूप!" माकड दचकलं. बोट घसरलं. भलत्याच बटणावर पडलं.
खट्!

सगळ्यांनी कान टवकारले.
चाकं फिरली. हळू हळू. गोल गोल.
"जो बाळा जो जो रे जो..."
आत्याचा पाळणा!
"वाजला! वाजला! डेक वाजला!"
सगुणाबाईंनी झोका दिला. चाचांनी टाळ्या वाजवल्या. माकडाने कोलांटी मारली. शेळी दोन पायांवर नाचली. शेवग्याची फुलं वाऱ्याबरोबर आली, भुरभुर भुरभुर!

आत्या वाकली बाळाच्या कानाशी.
"कुर्रर्र!"
"काय ठेवलं? काय ठेवलं?"
आत्या हळूच म्हणाली, "भिंगरी!"
भिंगरीने डोळे उघडले. रडणं विसरली. आणि हसली. खुदकन!

मग वाटल्या घुगऱ्या. पहिला मान कुणाचा?
तुडतुड्याचा!
त्याला मिळाला एक हरभरा. त्याच्याहून मोठा!
तुडतुडा त्याच्यावर चढून बसला आणि खायला लागला.
कुरतुड कुरतुड, कुरतुड कुरतुड.
त्याचं पोट भरलं, आपली गोष्ट सरली.