मुकी पेरणी

चपला इथेच काढा. आत चिखल आहे. त्या चिखलातून वाकून वर आलेली जी मुळं दिसतात त्यांना आम्ही झाडांचे गुडघे म्हणतो. त्यांच्यावर पाय देऊ नका, काठी खुपसू नका. हळू बोला असं मला सांगावं लागणार नाही. पाणसोळच्या राईत शिरलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. भर दुपारी इथे तिन्हीसांजेसारखा काळोख असतो. पाणी हलत नाही, आणि मधूनच चिखलात बुडबुडा फुटतो तेव्हा कुणीतरी धरून ठेवलेला श्वास सोडल्यासारखं वाटतं. मी जन्मभर इथे येते आहे आणि मला अजून भीती वाटते. ज्याला वाटत नाही त्याने बाहेरच थांबलेलं बरं.

ही झाडं रानजायफळाची. बाजारातलं जायफळ वेगळं, हे कुणी खात नाही. कॉलेजातली माणसं येतात, मोजमाप घेतात आणि सांगतात की ही जात फार जुनी. आज समुद्रापलीकडे असलेल्या जमिनी आपल्या जमिनीला चिकटलेल्या होत्या, तेव्हापासूनचं हे कूळ. ते मी त्यांच्या पुस्तकात वाचलं. अडखळत वाचलं, पण स्वतः वाचलं, आणि पटलं. आमच्याकडे तेच जरा निराळं सांगतात. पूर्वी म्हणे समुद्रापासून घाटापर्यंत सगळा चिखलच होता आणि त्यात हीच झाडं उभी होती. मग जमीन वर आली, पाणी मागे सरलं, आणि पाण्यामागे झाडंही सरली. ज्या घळीत पाणी टिकलं तिथे ती टिकली, बाकी ठिकाणी उभ्या उभ्या वाळली. शेवटी दोन राया उरल्या. एक आमची, आणि एक सड्यापलीकडे, तेरवणाच्या घळीत. मधला सडा तुम्ही येताना पाहिलात. काळा कातळ, झाड नाही, सावली नाही. उन्हाळ्यात तिथे अनवाणी पाय ठेवला तर कातडं सुटतं.

आता मुख्य गोष्ट. फार मागे पाणसोळात सोमा नावाचा गावकर होता. गावकर म्हणजे गावाचा प्रमुख, त्याचा शब्द अखेरचा. राईतला काळा चिखल बघून त्याच्या मनात आलं, यात भात काय पिकेल! त्याने राईच्या तोंडाशी पाट खणला आणि पाणी बाहेर काढून दिलं. कुणी अडवलं नाही. पहिल्या साली भात छातीएवढं वाढलं, असं सांगतात. दुसऱ्या साली झाडांचे गुडघे उघडे पडले आणि पांढरे झाले. त्यानंतर पानं गळू लागली, आणि सगळी गळली. मग झरा आटला, विहिरीचा तळ दिसला, आणि गुरं रिकाम्या डोणीला तोंड लावून हंबरू लागली.

तेव्हा कुठे गाव घाबरलं. पलीकडच्या राईतलं बी आणून पुन्हा लावायचं ठरलं. पण आम्ही भातवाली माणसं! बी म्हटलं की आम्हाला एकच रीत ठाऊक. पुरुष गेले, टोपलीभर बी घेऊन आले, अंगणात कडक उन्हात वाळवलं, पेंढ्याच्या मुडीत बांधलं आणि माळ्यावर ठेवलं. पेरलं तेव्हा एकही उगवलं नाही. या झाडाचं बी वाळलं की मेलं. ते ओलंच पडतं आणि ओलंच रुजतं, एवढं त्यांच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ओल्या फडक्यात बांधून आणलं, तर सड्यावरच्या वाऱ्याने फडकं कुरकुरीत झालं. मडक्यात पाणी भरून आणलं, तर पाणी तापून बी शिजलं. मग सोमाने गाव हलवायचं ठरवलं. ज्यांना चालता येईल त्यांनी निघायचं. ज्यांना येणार नाही त्यांचं काय, हे कुणी मोठ्याने बोललं नाही.

गावात आवडू नावाची एक बाई होती. नवरा वारलेला, मूल नाही. घरात ती आणि तिची सासू तानू. तानू दोन्ही डोळ्यांनी आंधळी, पायांनी अधू. आवडू कुठे आहे ते तिला जोडव्यांच्या आवाजावरून कळे, म्हणून नवरा गेला तरी आवडूने ती काढली नव्हती. गाव हललं तर तानू मागे राहणार हे आवडूला कळत होतं, आणि तानूलाही कळत होतं.

ककणेर पक्षी कसा वागतो ते आवडूने पाहिलं होतं. मोठ्या चोचीचा हा पक्षी, त्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून भरवतो. हा नर रानजायफळ घशातून नेतो आणि वरची साल खाऊन झाली की बी खाली टाकतो. ते बी रुजतं. आवडूच्या मनाने घेतलं की बी तोंडातून आणायचं.

ती गावकराच्या अंगणात गेली आणि म्हणाली, पाट बुजवून ठेवा, मी बी आणते. पुरुष हसले.

"बायलमाणूस सड्यार जातला? मगे आमी काय बांगड्यो भरूया?"

"भरा," आवडू म्हणाली. "हात तुमचे रिकामेच आसत."

पाट त्याच दिवशी बुजवायला घेतला, हे मात्र खरं.

निघताना तिने सासूला सांगितलं. तानूने चाचपत तिचा चेहरा धरला. "येशीत मा गो?"

"येतलंय आये."

पलीकडच्या राईत ती एक रात्र राहिली. पहाटे ताजं पडलेलं बी तिने उचललं आणि तोंडात धरलं. बी चांगलं सुपारीहून मोठं. ते गालात बसलं की जीभ हलत नाही, आणि ओठ उघडले की वारा आत शिरतो. सड्याच्या मध्यावर यायला तिला भर दुपार झाली.

आमच्याकडे लहान पोरालाही शिकवतात की दुपारच्या वेळी सड्यावर हाक आली तर ओ द्यायची नाही. तिथला चकवा घरच्या माणसाचा आवाज काढतो, वाट चुकवतो आणि माणूस उन्हात फिरून फिरून मरतं. आवडू हे ऐकतच वाढलेली. कातळ तापून हवा थरथरत होती. दूरचं सगळं पाण्यासारखं दिसत होतं. तिचे अनवाणी पाय पोळत होते आणि पायातली जोडवी कातळावर टकटक वाजत होती, दुसरा आवाज नव्हता.

आणि डाव्या अंगाने हाक आली.

"आवडू गो!"

सासूचा आवाज. आंधळी, अधू म्हातारी इथे येणार कशी? आवडू थांबली नाही, तिने मान वळवली नाही.

"आवडू! चेडवा, मी हय आसंय! पाणी दी गो!"

जोडवी वाजू नयेत म्हणून ती बोटं आवळून चालू लागली, असं सांगतात. हाक आता पाठीमागून येत होती. "माका टाकून जाव नको गो!" तिला किंचाळावंसं वाटत होतं, पण किंचाळायला तोंड नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तेही ती ओठांवर घेत होती, कारण बी कोरडं पडत चाललं होतं. हाक बारीक होत गेली आणि थांबली. थांबली तेव्हा तिला हायसं वाटलं.

ती धावत राईत उतरली. पाट बुजल्यामुळे झऱ्याच्या तोंडाशी थोडी ओल धरली होती. तिथे तिने बोटांनी खळगा केला, बी ठेवलं, चिखल सारला. मग ती घरी गेली. घराचं दार उघडं होतं. तानू नव्हती.

शेजारणीने सांगितलं की सकाळपासून गावात बांधाबांध चालली होती, भांडी वाजत होती. म्हातारीला वाटलं, सगळे निघाले आणि परत आलेली आवडूही त्यांच्याबरोबर गेली. ती हातांनी वाट चाचपत सड्याकडे सरपटत गेली. तिला कुणी पाहिलं का? पाहिलं. पण जो तो आपली मोट बांधत होता.

आवडू पुन्हा सड्यावर गेली. एका सुकलेल्या झुडपाच्या काठीएवढ्या सावलीत तानू पडलेली होती, तोंड जोडव्यांचा आवाज गेला त्या दिशेला. ओठ फाटलेले. आवडू तिच्याजवळ उभी राहिली आणि तिने ओ दिली. पुन्हा पुन्हा देत राहिली. गावापर्यंत ऐकू येत होती, आणि त्या संध्याकाळी कुणी चूल पेटवली नाही.

गावातले पुरुष सांगतात की तानू देवी झाली आणि त्याच क्षणी झरा उसळला. देवीबिवी काही झाली नाही. म्हातारी तहानेने मेली. झरा पाट बुजवला म्हणून हळूहळू परत आला आणि बी ओलं आलं म्हणून रुजलं. कुणी म्हणतात, ती हाक चकव्याचीच होती, म्हातारी तोवर गेलेली होती. आवडूला बरं वाटावं म्हणून तेव्हाच कुणीतरी हे काढलं असणार. आवडूने ते कधी मानलं नाही. गाव मात्र राहिलं. पलीकडची राई पुढे कुणी तोडली, आणि ही झाडं आता या बाजूला एवढीच.

आजही फळ पिकलं की पाणसोळच्या सुना एका दुपारी तोंडात बी धरून सड्याला वळसा घालतात आणि राईत येऊन पेरतात. कुणी बोलत नाही. बी मातीत गेलं की सगळ्या सड्याच्या कडेला येऊन उभ्या राहतात आणि मोठ्याने ओ देतात. मग धावत घरी जातात आणि घरातल्या म्हातारीला आपल्या हाताने पाणी पाजतात.

त्या दुपारी गावातली एकही म्हातारी कुणाला हाक मारत नाही. कितीही तहान लागली तरी मारत नाही. दारात बसून राहते. आता मीही बसते. घसा सुकतो, वाटेवर नजर लावली तर नुसतं ऊन हलताना दिसतं, आणि एवढ्या वर्षांनीसुद्धा मनात येतं, या वेळी कुणी आलंच नाही तर? मग सून येते, तांब्या पुढे करते. मी आधी तिचं मनगट धरते. पाणी नंतर पिते.