दोन गोळे

फार मागं, ढगांच्याही वर घर बांधायचं पाखरांनी ठरवलं, तेव्हाची ही गोष्ट. काम आलं भिवा नावाच्या सुगरण पक्ष्याकडं. जाळं विणणारा कोळी म्हणाला, "वर सगळं तरंगतं, म्हणून चाकासारखं गोल विण. गरगर फिरलं की आतल्यांचे पाय तळाला टेकून राहतील."

सुगरणींची रीत अशी, की नरानं अर्धं घरटं विणून मादीला दाखवायचं. तिला पसंत पडलं, तरच पुरं करायचं. पण भिवाला आपल्या मादीला, सोनकीला, थक्क करायचं होतं. सगळं विणून झाल्यावरच त्यानं तिला बोलावलं.

सोनकी आत फिरून आली. "ओल्या मातीचा गोळा कुठाय रे?"

"अगं, तो वाऱ्यात घरटं हलू नये म्हणून लावतात. वर कुठला आलाय वारा?"

"डोळे उघडायच्या आधी मला त्याचाच वास आला होता. माझ्या पिल्लांना कशाचा येणार?"

भिवाचा चेहरा उतरला. "आता समोरची वीण बंद झालीय. एकाच बाजूला गोळा लावला, तर फिरताना घर डगमगेल गं."

"अर्धं असताना विचारलं असतंस, तर समोरासमोर दोन लावले असते."

घर वर न्यायला गरुडांनी दोर उचलले. सगळ्यांची बिऱ्हाडं आत बसली होती, आणि वर तुटलेली काडी पुन्हा विणू शकणारा एकटा भिवाच होता. तो गेला. सोनकी राहिली.

अजून तिन्हीसांजेला ते घर चांदणीसारखं डोक्यावरून जातं. तेव्हा सोनकी चोचीत चिखलाचा गोळा धरून बाभळीवर बसते, आणि तो वाळेपर्यंत वर बघत राहते.