हळदीच्या पेठेतली फुगडी

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. लाकडी पाटावर काठी पडायची. ठक्... ठक्... ठक्...

त्या दिवशी ती मध्येच थांबली.

"मग काढू ना तिला?" मंदाकिनीनं पुन्हा विचारलं.

अक्कांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

मी ढोलकी खाली ठेवली.

सांगलीची ही गोष्ट, फार वर्षांपूर्वीची. हळदीच्या पेठेमागं शाळेचा एक हॉल होता. वत्सलाक्का तिथं नाच शिकवायच्या आणि मी साथीला असायचो. शिकायला यायच्या त्या गोदामात हळद निवडणाऱ्या बायका. काम सुटलं की तशाच यायच्या. त्यांच्या पावलांनी फरशी पिवळी व्हायची. शिकवणी संपेपर्यंत अक्का ती पुसू द्यायच्या नाहीत. कुणाचं पाऊल कुठं पडलं ते दिसू दे, म्हणायच्या.

मंदाकिनी त्याच फरशीवर वाढली. तिची आईही हळद निवडायची. अक्कांनी तिला घडवलं, मग मोठ्या गुरूंकडं पाठवलं. पुढं तिचं नाव झालं. ती नाच बसवायची आणि लोक तिकीट काढून बघायला जायचे. आता ती परत आली होती, ती या बायकांचा नाच पुण्याच्या रंगमंचावर करायचा म्हणून. हळद पाखडण्या-निवडण्याचाच नाच होता. फार सुंदर बसवला होता तिनं.

अक्कांना केवढा आनंद. आली त्या दिवशी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वाळलीस गं. तिकडं जेवायला घालतात का नुसत्या टाळ्याच देतात?"

अडचण होती तानूबाईची.

ती वयानं सगळ्यांत मोठी, अंगानं जड. सगळ्यांचे हात वर पोचले की हिचा निघायचा. पण पाऊस असो, ताप असो, तिनं शिकवणी चुकवली नव्हती. पुण्याला नेसायचं म्हणून तिनं हिरवं लुगडं धुऊन, घडी घालून गादीखाली ठेवलं होतं. साऱ्या हॉलाला ते ठाऊक होतं, कारण ती रोज सांगायची.

अक्का तिला रांगेत मधोमध उभी करायच्या. दोन्हीकडच्या बायका तिला ओढून न्यायच्या, थोडं तिच्यासाठी थांबायच्या. मंदाकिनीनं तिला कडेला नेलं, म्हणजे नजरेत येणार नाही. कडेला गेल्यावर ती आणखीच चुकायला लागली.

कार्यक्रम आठवड्यावर आला होता. बायका पाणी प्यायला अंगणातल्या नळावर गेल्या आणि अक्का नि मी पुढचा ताल जुळवत होतो, तेव्हा मंदाकिनीनं विषय काढला. मोठी जाणकार माणसं येणार आहेत, म्हणाली. सगळ्यांचे हात एकसारखे आणि एकीचा मागं, तर लोकांना तेवढंच दिसेल. तानूबाईला दुखवायचं नव्हतं तिला. कपडे सांभाळायला बरोबर नेऊ, असंही म्हणाली.

"तुम्ही सांगितलंत तर तिला लागणार नाही, अक्का."

"मी सांगायचं?"

"तुमचं ऐकेल ती."

अक्कांनी काठी बाजूला ठेवली. माझ्याकडं हात केला. मी त्यांना धरून उठवलं. तेव्हा त्यांचे गुडघे गेलेले होते. हळूहळू चालत त्या हॉलाच्या मध्यावर गेल्या. दोन्ही हातांची कैची केली आणि मंदाकिनीपुढं धरली.

"ये. फुगडी घाल माझ्याशी."

मंदाकिनीनं माझ्याकडं बघितलं. मी ढोलकीकडं बघितलं.

"अक्का, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तू ये."

ती आली. हातात हात दिले, पायाला पाय लावले. दोघी फिरायला लागल्या.

काय सांगू... मंदाकिनीसारखं नाचाचं अंग सबंध जिल्ह्यात कुणाचं नव्हतं. पण फुगडी काही धरेना. ती ताठ उभी. अक्कांना कुठं लागू नये म्हणून जपत, एकेक पाऊल टाकत होती. दोघी नुसत्या जागच्या जागी सरकत होत्या.

अक्का हसायला लागल्या. "मंदे, भरलेली घागर धरल्यागत धरलीयस मला. अंग मागं टाक."

"तुम्ही पडाल."

"मग तूही पडशील."

मंदाकिनीनं पकड घट्ट केली.

"टाक."

मंदाकिनीनं डोळे मिटले आणि अंग मागं टाकलं. अक्कांनीही टाकलं.

आणि फुगडी फिरली.

अक्कांचा पदर सुटला, चष्मा नाकावर घसरला. माझे हात कधी ढोलकीवर गेले मला कळलं नाही. मंदाकिनी हसत सुटली. परकर नेसून यायची तेव्हा हसायची, अगदी तशी.

थांबल्या तेव्हा अक्कांना धाप लागली होती. मंदाकिनीचे डोळे भरले होते. दोघी तशाच हात धरून उभ्या होत्या.

बाहेर नळावर तानूबाई कुणाला तरी लुगड्याचे काठ किती रुंद आहेत ते सांगत होती.

मंदाकिनीनं नळाकडं मान वळवली. मग अगदी हळू म्हणाली, "इथं आपल्यात ठीक आहे, अक्का. पण तिथं, सगळ्यांच्या देखत, तिचा हात सुटला तर?"

अक्कांनी धाप जरा बसू दिली.

"हात कुणाचा सुटला, ते बघणाऱ्याला कळत नाही, बाळ. फिरणारीला कळतं, तिचा सुटला की आपण सोडला."

मंदाकिनीनं मान खाली घातली. अक्कांच्या हातातून आपले हात सोडवून घेतले, आणि बाहेर नळाकडं चालत गेली. तानूबाईला हाताला धरून आत आणलं आणि रांगेत मधोमध उभं केलं.